शरीरातले निंदण : एका स्वदेशी कर्करोग-उपचाराची आणि त्यामागील कंपनीची वाटचाल

मागच्या दिवाळीत आमचे मोठे बाबा वर्तमानपत्राचे एक कात्रण घेऊन घरी आले. कात्रण एप्रिल २०२४ मधले. खिशात घडी करून ठेवल्यामुळे मधल्या ओळी पुसत चालल्या होत्या. ते माझ्या हातात देऊन म्हणाले, "पोरी, तू कॉलेजात जाते नं? हे काय लिवलं हाय ते मले नीट समजावून सांग. तुह्या मोठ्या आईले हे चालते काय?"

मोठ्या आईच्या मानेत गाठी आल्या होत्या. तपासणीत तो लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, निघाला. किमोथेरपीच्या सहा पाळ्या झाल्या. आज तिचा आजार आटोक्यात आहे, पण दर काही महिन्यांनी तपासणीला जावे लागते आणि तो दिवस जवळ आला की घरात कोणी फारसे बोलत नाही. आमच्या हिवरखेडात या रोगाचे नावही सहसा कोणी घेत नाही. "त्याले टाटाले नेलं" एवढे म्हटले की ऐकणाऱ्याला सगळे समजते. मुंबईच्या एका रुग्णालयाचे नाव आमच्या बोलीत रोगाचेच नाव होऊन बसले आहे.

कात्रणात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते मुंबईच्या आय. आय. टी. त कर्करोगावरील एका स्वदेशी उपचाराचे लोकार्पण झाल्याची बातमी होती. मी ती दोनदा वाचली आणि मला काहीही समजावून सांगता आले नाही. घरात पहिल्यांदा कॉलेजात गेलेल्या माणसाकडून सर्वांची समजूत अशी असते की त्याला सगळेच वाचता येते. मी तर अर्थशास्त्राची विद्यार्थिनी. त्या दिवशी "पाहून सांगते" म्हणून वेळ मारून नेली. नंतर ग्रंथालयात बसून, आमच्या प्राध्यापकांना आणि कनिष्ठ महाविद्यालयातील जीवशास्त्राच्या मॅडमना विचारून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवते. विज्ञान शाखेच्या मित्रांनी चूक दिसल्यास जरूर दाखवावी.

प्रथम हा उपचार कोणत्या अडचणीतून निघाला ते पाहू. किमोथेरपीची औषधे वेगाने वाढणाऱ्या पेशींना मारतात. कर्करोगाच्या पेशी वेगाने वाढतात म्हणून त्या मरतात. पण शरीरात वेगाने वाढणाऱ्या इतरही पेशी असतात : केसांच्या मुळांच्या, तोंडाच्या व आतड्यांच्या अस्तराच्या, हाडांच्या मगजातल्या. त्याही सापडतात. मोठ्या आईचे केस गेले, तोंड आले, महिनाभर ती ताकभातावर होती, त्याचे कारण हेच. कपाशीवर फवारणी केली की बोंडअळीबरोबर तिला खाणारी मित्रकीडही मरते आणि औषध फवारणाऱ्याच्या अंगावरही उडते, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही.

औषध फक्त रोगाच्या ठिकाणी पोहोचावे, इतरत्र नाही, ही कल्पना तशी जुनी आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने 'जादूची गोळी' असा शब्दप्रयोग केला. ही गोळी बंदुकीची. नेमकी शत्रूला लागणारी, शेजारच्याला न लागणारी. त्यानंतर शास्त्रज्ञांनी ती अनेक प्रकारे घडवून पाहिली. औषध स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म कुपीत भरायचे, म्हणजे ते रक्तात अधिक काळ टिकते आणि गाठीतल्या झिरपणाऱ्या रक्तवाहिन्यांमधून तिथे जास्त प्रमाणात उतरते, ही एक रीत. या प्रकारात महाराष्ट्र मागे नाही. २०१२ साली अमेरिकेत अशा कुपीबंद डॉक्सोरुबिसिनचा तुटवडा पडला, तेव्हा तिथल्या औषध प्रशासनाने मुंबईच्या सन फार्मा कंपनीचे 'लिपोडॉक्स' तात्पुरते मागवू दिले आणि २०१३ मध्ये तिच्या औषधाला रीतसर मान्यता दिली. दुसरी रीत अशी की कर्करोगाच्या पेशीला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाला औषध जोडून पाठवायचे, पत्ता लिहिलेल्या पाकिटासारखे.

कात्रणातला उपचार या दोहोंच्या पुढचा आहे. इथे औषधाला पत्ता दिलेला नाही, पत्ता ओळखणारी जिवंत पेशीच औषध केली आहे. आणि ती पेशी रुग्णाची स्वतःची.

हे समजायला मला बराच वेळ लागला. शेवटी निंदणाचा दाखला मनात आला तेव्हा उलगडले. तणनाशक मारले तर ते सरसकट जाते. निंदणाऱ्या बायका मात्र पाती धरून वावरात बसतात, केना आणि लव्हाळा डोळ्यांनी ओळखतात आणि तेवढाच उपटतात. आपल्या रक्तातल्या 'टी' पेशी या निंदणाऱ्या बायांसारख्या असतात. बाहेरून आलेले जंतू, जंतूंनी बिघडवलेल्या पेशी त्या ओळखून मारतात. पण कर्करोगाची पेशी बाहेरची नसते. ती आपल्याच पेशीतून बिघडून निपजते, म्हणून टी पेशीला ती पिकासारखीच दिसते आणि निंदणारी पुढे निघून जाते. तेव्हा तिला खूण शिकवली पाहिजे.

लिम्फोमा व ल्यूकेमियाच्या अनेक प्रकारांत बिघडलेली पेशी 'बी' जातीची असते आणि तिच्या पृष्ठभागावर सीडी-१९ नावाचे एक प्रथिन असते. हीच ती खूण. रुग्णालयात रुग्णाचे रक्त एका यंत्रातून फिरवून त्यातल्या पांढऱ्या पेशी पिशवीत काढून घेतात, बाकीचे रक्त परत अंगात जाते. पिशवी कंपनीच्या प्रयोगशाळेत जाते. तिथे टी पेशी निवडून त्यांच्यात सीडी-१९ ओळखणाऱ्या ग्राहकाचे जनुक घालतात. हे जनुक आत नेण्यासाठी वाहन म्हणून एक विषाणू वापरतात. तो एड्सच्या विषाणूच्या कुळातला, पण रोग करण्याची शक्ती काढून टाकलेला. (हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. ज्याच्या नावाने माणसे घाबरतात त्याच्याच कुळातल्याला हमाल करून कामाला लावायचे, हे मनुष्याला सुचले तरी कसे!) मग त्या पेशी वाढवतात, त्यांची कसून तपासणी होते, गोठवून त्या रुग्णालयात परत येतात. रुग्णाला थोडी किमोथेरपी देऊन जागा मोकळी करतात आणि त्याच्याच पेशी सलाइनसारख्या त्याच्या शिरेतून सोडतात. आत गेल्यावर त्या वाढत राहतात. म्हणून हे औषध एकदाच द्यायचे असते.

या पद्धतीला 'कार-टी' उपचार म्हणतात. अमेरिकेत २०१२ साली फिलाडेल्फियाच्या बाल रुग्णालयात एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीला तो देण्यात आला. तिच्या ल्यूकेमियावर इतर उपाय हरले होते. ती बरी झाली. २०१७ मध्ये नोव्हार्टिस कंपनीच्या 'किमरिया' या औषधाला तिथे मान्यता मिळाली. किंमत ४,७५,००० डॉलर, त्या वेळच्या दराने सुमारे ३ कोटी रुपये. औषध नव्हते तोवर दुःख एक होते. औषध आहे पण ते दुसऱ्याचे आहे, हे दुसरे दुःख झाले.

आपल्या देशातला प्रयत्न इथून पुढे समजतो. डॉ. राहुल पुरवार हे हार्वर्ड येथील संशोधन आटोपून २०१३ मध्ये पवईच्या आय. आय. टी. त अध्यापक म्हणून रुजू झाले. किमरियाला मान्यता मिळण्याच्या चार वर्षे अगोदरची ही गोष्ट आहे, हे लक्षात घ्यावे. अभियांत्रिकी शिक्षणासाठी प्रसिद्ध असलेल्या संस्थेत त्यांनी पेशींवर काम करणारी प्रयोगशाळा उभी केली. अलका द्विवेदी, अथर्व करुळकर यांच्यासारखे विद्यार्थी या कामात होते. म्हणजे आज ज्याला आपण कंपनीचे उत्पादन म्हणतो त्याचा मोठा भाग प्रथम विद्यार्थ्यांच्या प्रबंधाचा विषय होता. परदेशी उपचारातला सीडी-१९ ओळखणारा भाग मूळ उंदराच्या प्रतिपिंडापासून घेतलेला होता. पवईच्या गटाने तो मानवी प्रतिपिंडाशी मिळताजुळता करून घेतला. शरीराने त्याला परके समजू नये आणि उपचाराचा त्रास कमी व्हावा, हा हेतू. शिवाय जनुक वाहून नेणारा विषाणू परदेशातून विकत न घेता इथेच तयार करण्याचे ठरवले. पुढे किंमत उतरली त्यातला बराच वाटा या निर्णयाचा आहे.

परंतु प्रयोगशाळेत पेशी तयार झाल्या म्हणजे उपचार तयार झाला असे नाही. रुग्ण आणि डॉक्टर लागतात. इथे टाटा स्मारक केंद्र आले. डॉ. हसमुख जैन, डॉ. गौरव नरुला हे तिथले डॉक्टर या कामात होते. या रुग्णालयाचा इतिहास या विषयाशी विलक्षण जुळतो. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ मध्ये ल्यूकेमियाने गेल्या. पत्नीवर परदेशात जसे उपचार झाले तसे इथल्या रुग्णांना इथेच मिळावेत, या दोराबजींच्या इच्छेतून परळचे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. पुढे १९५७ मध्ये ते सरकारकडे आले आणि १९६२ पासून अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत गेले. ज्या रोगाच्या शोकातून रुग्णालय निर्माण झाले, त्याच रोगावरचा पहिला भारतीय कार-टी उपचार त्याच संस्थेत झाला. ४ जून २०२१ रोजी टाटा केंद्राच्या खारघर येथील अस्थिमज्जा प्रत्यारोपण विभागात एका रुग्णाला आय. आय. टी. त तयार केलेल्या पेशी देण्यात आल्या. करोनाची दुसरी लाट नुकतीच ओसरत होती.

आता कंपनीकडे येते. अर्थशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटला. कंपनीचे पूर्ण नाव इम्युनोॲडॉप्टिव्ह सेल थेरपी प्रायव्हेट लिमिटेड, चालू नाव इम्युनोॲक्ट. २०१८ मध्ये ती आय. आय. टी. च्याच आवारात, नव्या उद्योगांना सांभाळणाऱ्या केंद्रात जन्मली. डॉ. पुरवार तिचे संस्थापक. प्राध्यापकाने कंपनी का काढावी, हा प्रश्न मला प्रथम पडला. उत्तर असे की विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत दहा-वीस रुग्णांसाठी पेशी करता येतील, हजारांसाठी नाही. त्यासाठी निर्जंतुक कारखाना, चोवीस तास तपासणी, परवाने, गोठवलेला माल पोहोचवण्याची व्यवस्था लागते. हे काम संस्थेच्या नोकरीत बसत नाही. या कारखान्यासाठी पुढे कंपनीने नवी मुंबईत जागा घेतली.

पैसा कुठून आला ते पाहावे. आय. आय. टी. सरकारी, टाटा केंद्र सरकारी. मानवी चाचण्यांसाठी केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या 'बायरॅक' या संस्थेमार्फत राष्ट्रीय बायोफार्मा मिशनने १९ कोटी १५ लाख रुपये मंजूर केले. खाजगी भांडवल मोठ्या प्रमाणावर आले ते नंतर : २०२१ च्या अखेरीस हैदराबादच्या लॉरस लॅब्जने सुमारे ४६ कोटी रुपयांना कंपनीचा २६.६२ टक्के वाटा घेतला. पहिल्या रुग्णाला पेशी दिल्यानंतर काही महिन्यांनी. आमच्या पाठ्यपुस्तकात उद्योजक हा जोखीम घेणारा म्हणून नफ्याचा हक्कदार असतो असे शिकवतात. इथे पहिली आणि मोठी जोखीम करदात्याने घेतली, आणि चाचणीत नाव नोंदवणाऱ्या रुग्णांनी घेतली. यात कोणाला दोष द्यायचा हेतू नाही. लॉरसचा पैसा आला नसता तर कारखाना उभा राहिला नसता हेही खरे. पण हिशेब मांडायचा तर दोन्ही बाजू मांडाव्यात.

ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी 'नेक्सकार१९' या नावाने उपचाराला मान्यता दिली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी मोठ्या बाबांच्या कात्रणातला समारंभ झाला. मार्च २०२५ मध्ये 'लॅन्सेट हीमॅटॉलॉजी' या नियतकालिकात चाचण्यांचे निष्कर्ष छापून आले. ६४ रुग्णांना उपचार दिला होता. ज्यांचा परिणाम मोजता आला त्यांच्यापैकी सुमारे ७३ टक्के रुग्णांत रोग हटला किंवा कमी झाला. हे सर्वजण आधीच्या उपचारांनी बरे न झालेले किंवा रोग उलटलेले लोक होते, त्या दृष्टीने हा आकडा मोठा आहे. मात्र त्यातल्या काहींचा रोग पुढे परतला. दोन रुग्णांचा मृत्यू उपचाराशी संबंधित होता, हेही त्याच लेखात नोंदलेले आहे. नव्या पेशी कामाला लागल्या की शरीरात रसायनांचे वादळ उठते, ताप चढतो, रक्तदाब पडू शकतो, म्हणून रुग्णाला डोळ्यांत तेल घालून जपावे लागते. शिवाय सीडी-१९ ही खूण निरोगी बी पेशींवरही असते. शिकवलेली निंदणारी त्याही उपटते. बी पेशींवाचून जंतुसंसर्गाची भीती वाढते. तेव्हा गोळी अगदी 'जादूची' अजूनही नाही. वर्तमानपत्रांनी एवढे तरी लिहायला हवे होते.

राहिला किमतीचा प्रश्न. परदेशी उपचाराच्या दहाव्या हिश्शात, असे सर्वत्र छापून आले आणि ते ढोबळ मानाने खरे आहे. आकडा चाळीस लाखांच्या घरातला दिला जात होता. मी तो आमच्या मापाने मोजून पाहिला. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. चाळीस लाखांना सुमारे ५३२ क्विंटल कापूस होतो. मोठ्या बाबांचे वावर साडेचार एकर, कोरडवाहू. एकरी पाच क्विंटल धरले, आणि तेही चांगल्या सालात, तर बी, खत, फवारणी, वेचणी काहीही वजा न करता जवळजवळ चोवीस वर्षांचा कापूस. सरकारी आरोग्य योजनेचे संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे. तीन कोटींवरून चाळीस लाखांवर येणे ही शास्त्रज्ञांची मोठी कामगिरी आहे, पण ज्याच्याकडे दोन्ही नाहीत त्याला तीन कोटी आणि चाळीस लाख सारखेच.

इतके स्वस्त करूनही ते महाग का राहते? गोळ्यांचा कारखाना हा तयार कपड्यांच्या दुकानासारखा असतो : पहिली गोळी काढायला कोट्यवधी लागतात, पुढची लाखावी काही पैशांत पडते. कार-टी हे शिंप्याचे काम आहे. प्रत्येकाचे माप वेगळे, प्रत्येकाचे कापड त्याचे स्वतःचे. एका रुग्णाच्या पेशी दुसऱ्याला चालत नाहीत, म्हणून प्रत्येक रुग्ण म्हणजे एक स्वतंत्र घाणा, त्याची स्वतंत्र तपासणी, तीच माणसे, तितकेच दिवस. शिंपी वाढले, यंत्रे आली, विषाणू अधिक प्रमाणात होऊ लागला, तर शिलाई उतरेल. स्पर्धेनेही उतरू शकेल : जानेवारी २०२५ मध्ये बंगळुरूच्या इम्युनील कंपनीने 'कार्टेमी' नावाचा असाच उपचार बाजारात आणला. दोघांच्या स्पर्धेने भाव किती उतरतो याबद्दल मला शंका आहे. सार्वजनिक पैशातून जन्मलेल्या उपचारात सार्वजनिक रुग्णालयातल्या रुग्णाचा काही वाटा आधीच, अनुदान देतानाच, लिहून ठेवता आला नसता काय? आमच्या प्राध्यापकांचे म्हणणे असे की तशी अट घातली तर भांडवल येत नाही. आम्ही दोघांनी यावर एक तास वाद घातला आणि तो सुटला नाही.

आणि पैसा मिळाला तरी मुंबईत राहायचे कुठे? हिवरखेडहून अकोट, अकोटहून अकोला, तिथून रात्रीची गाडी. उपचाराआधी तपासण्या, मग पेशी तयार होईपर्यंतचे आठवडे, मग देखरेख. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे कर्करोगाचे रुग्ण व त्यांचे नातेवाईक अल्प दरात राहतात. आपल्या वऱ्हाडातल्या, शेंडगावच्या, निरक्षर माणसाने गरिबाला परगावी पाठ टेकायला जागा लागते हे ओळखले होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ मध्ये कर्करोगानेच गेले, नागपूरचे कर्करोग रुग्णालय त्यांच्या नावाने चालते. अशी औषधे जेव्हा नागपूर-अकोल्यापर्यंत येतील तेव्हा आमच्याकडची माणसे "टाटाले नेलं" हे कमी म्हणतील.

मोठ्या बाबांना मी हे सगळे एका रविवारी सांगितले. निंदणाचा दाखला त्यांना लगेच समजला. मोठी आई दाराशी ज्वारी पाखडत होती, तीही ऐकत होती, ती म्हणाली, "मंग त्याही बायांची मजुरी वाढली असंल!" सगळे हसलो. हा उपचार पहिल्या फेरीचा नाही, आधीचे उपाय हरले किंवा रोग उलटला तर विचारात घेतात आणि मोठ्या आईला आज त्याची गरज नाही, हेही मी सांगितले. बाबांनी विचारले, "अन् उलटला तं?" मी म्हटले, तेव्हा डॉक्टरांना विचारावे लागेल, तोवर भाव काय असेल ते आज सांगता येत नाही.

त्यांनी कात्रण माझ्याकडून परत घेतले आणि बँकेच्या पासबुकात ठेवले. पुढची तपासणी फेब्रुवारीत आहे.